इस्पिकाला इस्पिक

मास्तर,

काल दुपारी आमच्या कचेरीत नव्याने लागलेल्या उपसंपादक बाई माझ्या टेबलाशी आल्या. मुंबईच्या एका पुढाऱ्याचं इंग्रजी भाषण त्या मराठीत उतरवत होत्या आणि एका वाक्यापाशी अडल्या होत्या. ‘टू कॉल अ स्पेड अ स्पेड’ याला आपल्याकडे काय म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. पहिल्या पानाचा मजकूर खाली खिळे जुळवणाऱ्यांकडे जायला पाऊण तास राहिला होता, म्हणून मान वर न करताच मी सांगितलं, इस्पिकाला इस्पिक म्हणणे. बाई तशाच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "इस्पिक? पत्त्यातलं?" तेव्हा मी लेखणी खाली ठेवली. फावडं, मी म्हणालो, फावड्याला फावडं म्हणणं. पण तसं लिहू नका, आडपडदा न ठेवता बोलणं असं सरळ लिहा. त्या गेल्या आणि मी पुढली दहा मिनिटं समोरची एकच ओळ वाचत बसलो.

खरा अर्थ कळून मला सोळा वर्षं झाली. तुम्ही गेलात त्यालाही आता बारा होतील. या काळात हा वाक्प्रचार माझ्या हाताखालून कितीदा गेला असेल, दर वेळी मी तो नीट उतरवून दिला. पण घाईत कोणी विचारलं की अजून आधी तुमचंच चित्र डोळ्यांपुढे येतं. फळ्यावर खडूने काढलेलं टोकदार पान, त्याच्या खाली आखूड देठ, आणि शेजारी तीन गोळ्यांचं किलवर. तुम्ही दोन्ही आकार खडूने भरून काढले होते आणि मग हात झटकत म्हणाला होतात की दोन्ही काळे असतात, इथेच माणसाची परीक्षा आहे.

मी मळवलीच्या पलीकडल्या खेड्यातून लोणावळ्याच्या शाळेत यायचो. गाडी चुकली की रुळाच्या कडेने चालत. तुमच्या तासाला उशीर झाला तर तुम्ही कारण विचारत नव्हतात, फक्त म्हणायचात, बस, आणि कालचा वाक्प्रचार सांग. तुमच्याकडे दोन पुठ्ठ्यांत शिवलेली वही होती. प्रत्येक पानावर एक इंग्रजी वाक्प्रचार, खाली अर्थ, त्याखाली उपयोग. अर्थ तुम्ही सांगायचात. उपयोगाचं वाक्य ज्याचं त्याने करायचं आणि ते स्वतःच्या घरातलं, गावातलं, डोळ्यांनी पाहिलेलं पाहिजे, ही तुमची अट. पुस्तकातलं वाक्य कोणी आणलं की तुम्ही चष्म्याच्या वरून बघायचात आणि म्हणायचात, हे कोणाचं आणलंस, परत देऊन ये. एकदा ‘अंडर द वेदर’ आला, म्हणजे प्रकृती ठीक नसणे. आमच्या वर्गातल्या एका वाण्याच्या मुलाने वाक्य केलं की ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत लोणावळ्यातली सगळी माणसं हवेच्या खाली असतात. आम्ही हसलो. तुम्ही हसला नाहीत. अर्थ चुकला, पण वाक्य खरं आहे, असं म्हणून तुम्ही त्याला निम्मे मार्क दिलेत. उरलेले निम्मे का कापले, हे समजावण्यात मात्र सगळा तास घालवलात.

स्पेडच्या तासाला तुम्ही विशेष रंगात होतात. गोरे लोक पत्ते खेळायला बसतात, तुम्ही सांगत होतात, आणि हुकूम कुठला ते बोलायची वेळ येते. दिवा मिणमिणता असतो. हातात इस्पिक असतं, पण सोय किलवर म्हणण्यात असते. दोन्ही काळी, कोणाला पटकन कळायचं नाही. अशा वेळी जो इस्पिकाला इस्पिक म्हणतो तो सच्चा माणूस. म्हणून जे आहे ते आहे तसं बोलणे, हा अर्थ. आम्हाला हे इतकं पटलं की त्यात शंका घेण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. पुढे एकदा माझी शाळेतली जुनी वही सापडली, तीत खालच्या इयत्तेच्या शब्दांच्या यादीत तुम्हीच लिहून दिलं होतं: स्पेड म्हणजे फावडे. त्याच वहीत बारा पानांनंतर स्पेड म्हणजे इस्पिक. बारा पानांत या दोघांची गाठ ना तुम्ही घालून दिलीत, ना मी. माझ्या घरी तर मागच्या दारी दोन फावडी टेकवलेली असायची.

तुमच्या मनात पत्तेच यायचे याचं कारण तुमचे रविवार. तळेगावातल्या तुमच्या घराण्यात पत्त्यांना बंदी होती, हे काकूंनी मला एकदा हसत सांगितलं. लोणावळ्याला बदली झाली तेव्हा आधी बिऱ्हाड लागलं की आधी पत्त्यांचा जोड आला हे त्यांना आठवत नव्हतं. पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरायचे, खिडकीतून आत यायचे, दुपारी तीनला कंदील लावावा लागायचा. घोंगडीवर चौघे बसायचे. दोघे आलटून पालटून कोणी असायचे, पोस्टातले नाहीतर औषधाच्या दुकानातले, पण तुमचे भिडू कायम एकच, रेल्वेतले गार्डसाहेब. वडगावकडचे, धिप्पाड, मिशा पांढऱ्या, बोलणं घरच्यासारखं. काकूंच्या हातची खमंग काकडी खाऊन ते म्हणायचे, "वैनी, लय भारी. मास्तरांस्नी न्हाई कळायची, त्यांचं समदं ध्यान पत्त्यात."

मी कॉलेजात असताना एका रविवारी तिथे होतो. डाव संपला, तुम्ही दोघं जिंकलात, पत्ते गोळा झाले आणि पोस्टातले गृहस्थ पिसायला लागले. गार्डसाहेब म्हणाले, "थांबा. मघाशी म्यां टाकलं ते इस्पिक नव्हतं, किलवर व्हतं. कुनी बघितलं न्हाई. डाव मोडा." डाव मोडला. पुढचे दोन तुम्ही हरलात. समोरचे लोक त्यांची चेष्टा करत होते आणि तुम्ही मात्र इतके खूष होतात की जणू त्यांना बढती मिळाली. त्याच संध्याकाळी तुम्ही तुमच्या वहीत त्या वाक्प्रचाराखाली उपयोग लिहिलात: माझा भिडू इस्पिकाला इस्पिक म्हणतो. वर्गात आमच्याकडून घ्यायचात तसं, स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं वाक्य. गार्डसाहेबांना तुम्ही ते वाचून दाखवलंत आणि सांगितलंत की कधी ही वही छापली गेली तर त्यांचं वाक्य तीत असणार.

वही छापायची वेळ आली तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात आणि मी पुण्यात वर्तमानपत्रात लागून चार वर्षं झाली होती. मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढचं वर्ष. आमच्या छापखान्यात बाहेरची पुस्तकंही निघायची. तुम्ही स्वतः गाडीने आलात, कचेरीच्या दारात जोडे काढून ठेवलेत, जे तिथे कोणी काढत नसे, आणि वही माझ्या हातात देऊन म्हणालात, "तीनशेच्या वर आहेत. तू नजर ठेव. माझी आता बारीक अक्षरावर बसत नाही." मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

प्रुफं मी रात्रपाळीच्या आधी वाचायचो. वाचायचो म्हणजे काना, मात्रा, उलटा लागलेला खिळा. तुमचा अर्थ तपासायचा असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं. स्पेडचं पान माझ्या टेबलावर होतं आणि आमचे मुख्य उपसंपादक सुपारी मागायला आले. त्यांची नजर पानावर गेली. त्यांनी ते उचललं, गोऱ्यांच्या पत्त्यांची सगळी हकीकत वाचली, आणि खुर्चीच्या पाठीला धरून हसायला लागले. हे मास्तर पत्ते फार खेळतात वाटतं, म्हणाले. मग कपाटातला जाडा शब्दकोश काढून माझ्यापुढे उघडला. फावडं. मातीतलं, दांड्याचं, साधं फावडं. जाताना म्हणाले, "हे असंच गेलं तर पुण्यातले इंग्रजीचे मास्तर महिनाभर दुसरं काही वाचणार नाहीत."

ते खरं होतं. पुण्यात एखाद्याचं हसं व्हायला एक पान पुरतं, हे मला तोवर कळलं होतं. तीस वर्षं शिकवून तुम्ही एकच पुस्तक काढत होतात. त्या पानाचा फर्मा मंगळवारी छपाईच्या यंत्रावर चढणार होता. मधे एक रविवार होता, आणि लोणावळा गाडीने दोन-अडीच तासांवर. जायचं, मास्तरांना सांगायचं, त्यांच्याकडून दुरुस्त मजकूर घेऊन यायचं. यात अवघड असं काही नव्हतं.

सकाळी मी आधी मळवलीला उतरलो. आबा खाचराच्या बांधावर होते. बांध फुटला होता आणि ते चिखल ओढून लावत होते, फावड्याने. मी तिथेच उभा राहून त्यांना सगळं सांगितलं, कारण दुसऱ्या कोणाला सांगायला नव्हतं. त्यांनी काम न थांबवता ऐकलं.

"फावड्याला फावडं न्हाई तर काय म्हनायचं?" ते म्हणाले.

मी म्हणालो की मास्तर पत्त्यातलं पान समजले. आबांनी चिखलाचा एक लपका बांधावर थापला आणि म्हणाले की मास्तरांनी कधी हातात धरलंय व्हय, त्यांना कसं ठावं असंल. त्यात टोमणा नव्हता. मग आई भाकरी घेऊन आली, तिला पुन्हा सगळं सांगावं लागलं. तिला इंग्रजीचं काही वाटलं नाही. तिने एवढंच विचारलं, "मग मास्तरांस्नी सांगाया भ्या वाटतंय तुला? त्यांनी काय खाल्लंय तुला इतकी वर्सं?" मी म्हणालो, भ्या नाही. ती म्हणाली, मंग जा की.

दुपारी तुमच्याकडे पोचलो. तुम्ही ओसरीवर वाट बघत होतात. पहिलाच प्रश्न तुम्ही विचारलात: प्रुफं बघितलीस, काही सापडलं का? इतकी सरळ संधी माणसाला मिळत नाही. मी म्हणालो, दोन-चार काना-मात्रा. तुम्ही खूष झालात. आत काकूंना ओरडून सांगितलंत की तीनशे वाक्प्रचारांत नुसत्या काना-मात्रा निघाल्या. मग जेवण झालं, गार्डसाहेब आले, घोंगडी पसरली. तिसऱ्या डावात हुकूम बोलायची पाळी तुमची होती. तुम्ही पानं छातीशी धरलीत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "हुकूम इस्पिक. आणि म्हणतोही इस्पिकच." गार्डसाहेब म्हणाले, "मास्तर, ह्ये आता छापून येनार म्हनून किती मिरवाल?" आणि मग माझ्याकडे वळून, जरा संकोचून, विचारलं की त्यांचं वाक्य किती मोठ्या अक्षरात येणार आहे. मी बोटांनी दाखवलं. ते म्हणाले, बास की, एवढं लय झालं.

स्टेशनपर्यंत तुम्ही पोचवायला आलात. छत्री एकच होती, तुम्ही ती माझ्या बाजूला कलती धरली होती आणि तुमचा डावा खांदा भिजत होता. वाटेत दोनदा मी बोलायला तोंड उघडलं. एकदा तुम्ही खड्डा दाखवलात, एकदा गाडीची घंटा झाली. गाडी हलली तेव्हा तुम्ही खिडकीशी येऊन सांगितलंत की मुखपृष्ठावर नाव बारीक अक्षरात घे, उगाच मोठं नको.

मंगळवारी सकाळी मी खाली गेलो आणि ते पान सोडवायला सांगितलं. खिळे जुळवणारा म्हातारा होता, तुमची वही त्याने पानन्‌पान लावली होती, आणि तुमच्या अक्षरावर त्याचा जीव होता. मास्तरांनी सांगितलं का, त्याने विचारलं. मी हो म्हणालो. उभ्या उभ्या मी नवा मजकूर लिहून दिला: फावड्याला फावडे म्हणणे, जे आहे ते आडपडदा न ठेवता बोलणे. गोऱ्यांचे पत्ते गेले. आता खालचं वाक्य जुळेना, कारण फावड्याच्या अर्थाखाली इस्पिकाचा भिडू कसा बसणार. म्हणून मी तेही काढलं आणि जागा भरायला माझं घातलं: माझे वडील फावड्याला फावडे म्हणतात. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं, तुमच्या अटीत बसणारं. लिहिताना मला ते चांगलंही वाटलं. दहा मिनिटांत काम झालं. घड्याळाकडे बघत काम करायची सवय असली की असं पटकन होतं.

पुस्तकांचा पहिला गठ्ठा मी स्वतः घेऊन आलो. सुतळी कापायला तुम्ही काकूंची विळी आणलीत. वरची प्रत उघडून नाकाशी धरलीत, शाईचा वास घेतलात, मग दुसरी मला दिलीत, जणू माझ्याकडे नव्हतीच. गार्डसाहेबांना निरोप गेला होता. ते धुतलेला सदरा घालून आले, हात पुसून घोंगडीवर बसले आणि म्हणाले, "माझं पान कुटं हाय ते काढा. चष्मा घरी ऱ्हायला, तुमीच वाचा."

तुम्ही पान काढलंत. मी तुमच्या समोर बसलो होतो. तुमची नजर वरून खाली उतरली, थांबली, पुन्हा वर गेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. पुस्तक थोडं डोळ्यांजवळ नेलंत आणि तासाला वाचायचात त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचलंत: माझा भिडू इस्पिकाला इस्पिक म्हणतो. छापलेली ओळ ती नव्हती. गार्डसाहेबांनी पुस्तक हातात घेतलं, कुठली ओळ ते विचारलं, तुम्ही बोट ठेवलंत, आणि त्यांनी आबांच्या वाक्याखालून आपलं जाड बोट हळूच फिरवलं. मग प्रत रुमालात बांधून ते घरी गेले.

त्यांची पावलं पायरीवरून उतरल्यावर तुम्ही गठ्ठ्यातली आणखी एक प्रत काढून तेच पान उघडलंत.

"हे तू बदललंस?"

"हो."

"फावडं," तुम्ही म्हणालात. "बरोबर आहे. तसंच असणार. त्या रविवारी हेच सांगायला आला होतास?"

मी हो म्हणालो. का नाही सांगितलंस, तुम्ही विचारलंत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, मी म्हणालो.

"वाटलं असतं. संध्याकाळपर्यंत वाटलं असतं. मग मी त्यांना दुसरीकडे बसवलं असतं. बाविसाव्या पानावर आहे ना, मेजावर पत्ते उघडे मांडणे? तिथे ते शोभले असते. अर्थ चुकला होता, तो तू दुरुस्त केलास. वाक्य चुकलं नव्हतं. ते माझं होतं. आणि आज मला त्यांच्यासमोर खोटं वाचावं लागलं." तुम्ही पुस्तक मिटलंत. "अर्थ तुला येतो. उपयोग येत नाही."

इतक्या वर्षांत तुम्ही मला याहून कडक असं काही बोलला नव्हतात, आणि हेही आवाज न चढवता. आतून काकू म्हणाल्या, "अहो, त्याला आधी जेवू द्या, मग मार्क द्या." तुम्ही उठलात, माझ्या पाठीवरून हात फिरवलात, आणि आपण जेवायला बसलो. वरणावर तूप तुम्ही स्वतः वाढलंत. मी भात नुसता कालवत बसलो होतो, तेव्हा तुम्ही छपाई किती सुबक झाली आहे ते काकूंना पानं उलटून दाखवत राहिलात, मला वेळ मिळावा म्हणून.

पुढचं मला काकूंकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून तुम्ही गार्डसाहेबांच्या क्वार्टरवर गेलात, खिशात लेखणी आणि दौत घेऊन. ते दारातच होते. तुम्ही तोंड उघडायच्या आत म्हणाले, "या मास्तर. चष्मा लावून वाचलं. वडील आन भिडू यातला फरक नुसते गाडीचे कागद वाचनाऱ्यालाबी कळतोय." मग काल बोलला का नाहीत, असं तुम्ही विचारलंत म्हणे. ते म्हणाले, "तुमी इतकं झ्याक वाचलं. मधीच कसं मोडायचं?" तुम्ही दोघं तिथे पायरीवर बसून हसलात, आणि मग त्यांच्या प्रतीत बाविसाव्या पानाच्या कडेला तुम्ही स्वतःच्या अक्षरात त्यांचं वाक्य लिहून दिलंत, खाली सही करून.

तुम्ही एवढ्यावर थांबला असतात तर मला बरं झालं असतं. पण महिनाभराने मला तुमचं कार्ड आलं. पुण्यात माझ्या ओळखीच्या आणखी तिघांना आलं, सगळे तुमचे जुने विद्यार्थी. मुंबईला एकाला आलं, तो तर मला विचारायला आला की मास्तरांची तब्येत बरी आहे ना. ज्यांचे ज्यांचे पत्ते तुम्हाला मिळाले त्या सगळ्यांना तुम्ही एकच मजकूर पाठवला होता: मी तुम्हाला शिकवलं की अमुक वाक्प्रचारातला स्पेड म्हणजे इस्पिक. तसं नाही. तो फावडे. चूक माझी. तुम्ही कोणाला शिकवलं असेल तर त्यांनाही कळवावं. माझ्या कार्डावरही तेवढंच होतं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. मला तर हे आधीच माहीत होतं. तरी यादीतून तुम्ही मला गाळलं नाहीत. तुमच्या चुकीची सगळी माहिती मी तुमच्यापासून लपवली आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने जिल्हाभर कळवून टाकलीत. पुण्यात कोणी हसलं नाही. हसायला काही उरलंच नव्हतं. आमचे मुख्य उपसंपादक कार्डाची हकीकत ऐकून म्हणाले, या माणसाकडे मी शिकायला हवं होतं.

त्यानंतर चार वर्षं तुम्ही होतात. मी येत राहिलो, काकडी खाल्ली, गार्डसाहेब ड्यूटीवर असले की चौथा म्हणून पत्त्यांनाही बसलो. हा विषय तुम्ही पुन्हा काढला नाहीत आणि माझ्याशी वागण्यात तसूभर फरक केला नाहीत. त्यामुळे माझी समजूत झाली की मिटलं. वर्तमानपत्रात रोजचं रोज मिटवत जायची सवय लागते.

पण काल त्या बाई गेल्यावर ते मुख्य उपसंपादक मला पुन्हा माझ्या टेबलाशी उभे दिसले, तुमचं पान हातात घेऊन हसताना. तुम्हाला मी सांगितलं होतं की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. ते तुम्ही मानलंत. त्या दिवशी हसून झाल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, हे मास्तर तुमचे कोण? मी म्हणालो, कोणी नाही, लोणावळ्याचं एक काम आलंय. आणि मी हसलो, त्यांच्याबरोबर, जरा मोठ्यानेच. मला पुण्यात जेमतेम बसायला जागा मिळाली होती. खेड्यातला मुलगा, त्यात इंग्रजी अशा मास्तरांकडून शिकलेला, हे कोणाला कळायला नको होतं. रविवारी तुमच्यापुढे तोंड उघडेना ते यामुळे. चूक सांगितली असती तर ती कोणी दाखवली हेही तुम्ही विचारलं असतंत, आणि मग मी काय म्हणालो तेही. मंगळवारी पान सोडवलं ते तुमचं नाव वाचवायला, असं मी स्वतःला सांगितलं. पण तुमच्या पुस्तकात प्रुफांवर नजर ठेवणारा म्हणून माझं नाव छापलं जाणार होतं, ते मी वाचवलं.

हे तुम्हाला पाठवायला आता पत्ता नाही. काकू आहेत, तळेगावला पुतण्याकडे असतात. त्यांना पाठवता आलं असतं. दिसत कमी असल्यामुळे पत्रं त्या पुतण्याकडून मोठ्याने वाचून घेतात आणि मग आल्यागेल्याला सांगतात. गेल्या खेपेला भेटलो तेव्हा शेजारच्या बाईंना माझी ओळख करून देत म्हणाल्या, ह्यांचा हा सगळ्यात सरळ विद्यार्थी. मी नाही म्हणालो नाही. त्यांचं माझ्याबद्दलचं हे मत मला अजून हवं आहे, म्हणून पाठवत नाही.